नागपूरहून ऑपेरा कंडक्टर व्हायचंय? मग बॅटन सर्वात शेवटी घे

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय १९, इंजिनिअरिंगचं सेकंड इयर चालू, ट्रिनिटीची पियानो ग्रेड ८ झालेली, ख्रिसमसला सदरच्या चर्चमध्ये क्वायरला साथ करतेस, आणि आता युरोपात जाऊन ऑर्केस्ट्रा आणि ऑपेराची कंडक्टर व्हायचंय. उशीर झाला का, कोणती कॉम्पिटिशन द्यायची, ऑनलाइन मागवलेली बॅटन (कंडक्टरची छडी) घेऊन रोज आरशासमोर तासभर हात मारतेस ते बरोबर आहे का, बाबा पगाराचं विचारून राहिले त्यांना काय सांगू, आणि आई विचारते की बायका हे काम करतात का.

मी धरमपेठेतलीच आहे. जर्मनीत एका मध्यम शहराच्या थिएटरात आधी कोरेपेटिटर आणि मग कापेलमाइस्टर (थिएटरचा नोकरीतला कंडक्टर) अशी बरीच वर्षं नोकरी केली, आता फ्रीलान्स करते आणि थंडीत इकडे घरी येऊन राहते, म्हणून इकडची बाजूही माहीत आहे आणि तिकडचीही.

उशीर झालेला नाही. आरशासमोरचा तास मात्र आजपासून बंद कर आणि तो पियानोला दे. आरशातला ऑर्केस्ट्रा तुझ्या हाताबरोबरच हलतो, खरा तसा हलत नाही, आणि या सवयी नंतर काढायला फार त्रास होतो.

आता कोरेपेटिटर म्हणजे काय ते आधी नीट समजून घे कारण माझं सगळं उत्तर त्याच्यावरच आहे. ऑपेरा हाऊसमध्ये गायकांना त्यांचे रोल पाठ करून देणारा, स्टेज रिहर्सलला अख्ख्या ऑर्केस्ट्राच्या जागी एकटा पियानोवर बसणारा माणूस असतो, तो हा. म्हणजे पियानो वाजवता वाजवता जो गायक आलेला नाही त्याच्या ओळी स्वतः गायच्या, इटालियन, जर्मन, फ्रेंच जे असेल ते, चुकलेला उच्चार तिथल्या तिथे सांगायचा, आणि एक डोळा समोर उभ्या असलेल्या कंडक्टरच्या हातावर ठेवायचा. आवाज चांगला असायची गरज नाही, माझा तर अगदीच टिनपाट आहे, पण सूर आणि शब्द वेळेवर पडले पाहिजेत. या नोकरीच्या ऑडिशनला काय वाजवायला लावतात तर मोझार्टच्या फिगारो या ऑपेराच्या दुसऱ्या अंकाचा फिनाले (अंकाचा शेवटचा मोठा भाग), कारमेनमधलं पाच जणांचं ते धावतं क्विंटेट, ला बोएमची सुरुवात, आणि ऑपेरा हाऊस मोठं असेल तर रिचर्ड स्ट्राउसचं सालोमे किंवा रोझेनकावालिअर, ज्यात दहा बोटांना झेपणार नाही एवढं लिहिलेलं असतं आणि त्यातलं काय सोडायचं हेच तर ते बघत असतात.

हे काम करता करता एखाद्या दिवशी रिहर्सलला कंडक्टर आजारी पडतो, मग तुला म्हणतात आज तू घे. मग मुलांच्या एखाद्या शोचे प्रयोग मिळतात, मग ऑपेरेटा (हलकाफुलका ऑपेरा), मग चालू असलेल्या प्रॉडक्शनचा विसावा प्रयोग. जर्मनीत सरकारी पैशावर चालणारी सुमारे ८० ऑपेरा हाऊसेस आहेत, आपल्या वर्ध्या-अमरावतीहून लहान गावांतसुद्धा आहेत, आणि तिथे एकच प्रयोग महिनोन्‌महिने अधूनमधून लागत राहतो. त्यामुळे विसावा प्रयोग घेणाऱ्याला ऑर्केस्ट्राबरोबर एकही रिहर्सल मिळत नाही. संध्याकाळी साडेसातला स्टेजसमोरच्या ऑर्केस्ट्राच्या खड्ड्यात उतरायचं, हात मिळवायचा आणि सुरू. ज्याला हे जमलं तो कंडक्टर, बाकी डिग्री वगैरे ठीक आहे.

तू म्हणशील ताई हे मागच्या दाराने जाणं झालं. बाप्पा, मोठमोठे लोक त्याच दाराने गेलेत. जॉर्ज शोल्टी बुडापेस्टच्या ऑपेरात कोरेपेटिटर होता. क्रिस्तियान टीलेमान १९ व्या वर्षी, म्हणजे तुझ्या वयात, बर्लिनच्या डॉइच ऑपरला याच कामावर लागला. कारायानने १९२९ मध्ये उल्मसारख्या लहान थिएटरात सुरुवात केली. आणि किरिल पेत्रेंको, जो आज बर्लिन फिलहार्मोनिकचा चीफ आहे, त्याचं उदाहरण मी आपल्याकडच्या पोट्ट्यांना नेहमी देते. जन्म १९७२ चा, सायबेरियातल्या ओम्स्कचा, १८ व्या वर्षी कुटुंबासोबत ऑस्ट्रियात आला. व्हिएन्नाच्या फोक्सऑपरमध्ये कापेलमाइस्टर म्हणून राबला, मग १९९९ मध्ये माइनिंगेन नावाच्या छोट्याशा गावात म्युझिक डायरेक्टर झाला, आणि तिथे २००१ मध्ये वाग्नरचं चारही ऑपेरांचं रिंग सलग चार दिवसांत केलं. मोठी ऑपेरा हाऊसेससुद्धा मधे विश्रांतीचे दिवस ठेवून करतात ते. नंतर कोमिशे ऑपर, मग म्युनिक, आणि २०१५ मध्ये बर्लिनच्या वादकांनी त्याला मतदान करून निवडलं. हो, तिथे चीफ कंडक्टर कोण हे वादकच ठरवतात, त्या वर्षी पहिल्या दिवशीच्या मतदानात कोणीच निवडून आलं नव्हतं, महिनाभराने परत बसले तेव्हा पेत्रेंको आला. हा माणूस मुलाखती देत नाही, सोशल मीडियावर मिरवत नाही, फक्त काम करतो.

झुबिन मेहतांचं काय, असं तू विचारणारच. सगळेच विचारतात, त्यात तुझी चूक नाही, आपल्या डोळ्यासमोर तेवढं एकच नाव असतं. मुंबईत १९३६ चा जन्म, वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक आणि त्यांनीच १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केलेला. म्हणजे घरातच रिहर्सल, घरातच पार्ट्‌स, घरातच वादकांची ये-जा. मेडिकलचा नाद सोडून १९५४ मध्ये १८ व्या वर्षी व्हिएन्नाला गेले, तिथे हान्स स्वारोव्स्कींकडे शिकले (क्लाउदिओ अबाडोही त्यांचाच विद्यार्थी), आणि डबल बास वाजवत, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या आत बसून, दुसऱ्यांचे हात बघत बघत तयार झाले. १९५८ मध्ये लिव्हरपूलची कॉम्पिटिशन जिंकली, १९६२ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक त्यांच्या हातात आला. तुझ्याकडे मेहली मेहता नाहीत आणि नागपुरात सिम्फनी ऑर्केस्ट्रा नाही. तुझ्याकडे आहे काय तर पियानो. म्हणून तुझा रस्ता पियानोचा.

कॉम्पिटिशनबद्दल आत्ता विचारच करू नको. बेझाँसोंला १९५९ मध्ये सेइजी ओझावा जिंकला, बाम्बेर्गला २००४ मध्ये गुस्तावो दुदामेल जिंकला आणि त्यांची गाडी सुटली हे खरं आहे. पण दुदामेल तेव्हा वेनेझुएलात किशोरवयापासून यूथ ऑर्केस्ट्रासमोर उभा राहत आला होता. बहुतेक कॉम्पिटिशनना वयाची अट पस्तिशीच्या आसपास असते म्हणजे वेळ भरपूर आहे. आणि जिंकून पुढे काय, पाच-सहा ऑर्केस्ट्रांकडून बोलावणं येतं, प्रत्येकाला वेगळा प्रोग्राम हवा असतो, आणि हातात तयार असलेल्या सिम्फन्या चारच. जिंकलेली नावं दोन-तीन वर्षांत गायब होतात ती यामुळे.

आणखी एक, तुला इन्स्टावर दिसत असतील त्या पैसे भरून करायच्या कंडक्टिंग मास्टरक्लासेस. पूर्व युरोपातला एखादा ऑर्केस्ट्रा भाड्याने घेतलेला असतो, आठवड्याचे हजाराच्या घरात युरो घेतात, दिवसातून वीस मिनिटं पोडियम देतात आणि घरी न्यायला व्हिडिओ. सगळ्याच वाईट आहेत असं नाही म्हणत, पण तुझ्यासारखीने आत्ता तिथे जाणं म्हणजे पैसे पाण्यात. ऑर्केस्ट्रा कंटाळलेला असतो, तुझ्या हाताकडे बघतच नाही, आपोआप वाजवतो, आणि व्हिडिओत वाटतं वा काय जमलं.

आता हाताचं बोलू, कारण तुला त्याचीच ओढ आहे. बेथोव्हेनची पाचवी सिम्फनी घे, ते ता-ता-ता-ताऽऽ अख्ख्या जगाला माहीत आहे. स्कोअर (सगळ्या वाद्यांचं एकत्र लिहिलेलं म्युझिक) उघडून बघ, टू-फोरचा ताल आहे पण एवढ्या वेगात की एका बारला, म्हणजे तालाच्या एका मापाला, एकच बीट. आणि पहिल्या बारमध्ये पहिली गोष्ट नोट नाहीच, आठव्या भागाची शांतता आहे, मग तीन नोट्‌स. म्हणजे तुझा हात खाली येऊन जिथे टेकतो तिथे कोणीच वाजवत नाही, त्याच्या पुढच्या क्षणी सगळी स्ट्रिंग्ज आणि क्लॅरिनेट एकत्र सुटतात. वेग काय ते त्यांना कळणार कुठून? फक्त तुझ्या वर जाणाऱ्या हातावरून, त्याच्यासोबतच्या श्वासावरून. वर जाताना जरा घाई झाली, खाली येताना जरा धीर धरला, की झाली खिचडी. दुसऱ्या बारवर फर्माटा (नोट लांबवायची खूण), तिथे थांबायचं, मग तो आवाज कापायचा की कापता कापताच पुढची तयारी द्यायची हे ठरवलेलं पाहिजे. आणि दुसऱ्यांदा जेव्हा तेच येतं तेव्हा लांब नोट एक बार जास्त आहे, चौथा आणि पाचवा बार टाय केलेले (एकाच नोटेत जोडलेले), फर्माटा पाचव्यावर. बेथोव्हेनने तो एक बार का वाढवला आणि तू तो हाताने दाखवणार की नुसतं थांबून राहणार यावर माझ्या प्रोफेसरने एक अख्खी दुपार घालवली होती. पाच बार. बाकी पाचशे राहिले होते.

हे आरशासमोर शिकता येत नाही कारण आरसा वाजवत नाही. आणि खऱ्या ऑर्केस्ट्रासमोर पहिल्यांदा उभी राहशील तेव्हा आणखी एक धक्का बसेल, विशेषतः जर्मन ऑर्केस्ट्रासमोर. तुझा हात खाली टेकतो आणि आवाज येतच नाही. मग येतो, भरदार, तुझ्या हातानंतर. तिथली वाजवायची पद्धतच तशी आहे. नवा माणूस घाबरतो, त्याला वाटतं हे मागे पडून राहिले, तो आवाजाची वाट बघायला लागतो, आवाज त्याच्या हाताची वाट बघतो, आणि वेग हळूहळू झोपतो. आवाजामागे न जाता आपला हात पुढे चालू ठेवायचा हे अंगात यायला मला बराच काळ लागला आणि त्याला शॉर्टकट नाही.

ऑपेरात हे अजून अवघड होतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तुझ्यापासून २० मीटर लांब स्टेजच्या खोल कोपऱ्यात उभा असलेला कोरस तुझ्या कानाला जवळजवळ सहा शतांश सेकंद उशिरा ऐकू येतो. ऐकायला काहीच नाही वाटत, पण वेगवान म्युझिकमध्ये ते लख्ख कळतं, आणि कोरस जर ऑर्केस्ट्रा ऐकून गायला लागला तर उशीर दुप्पट. म्हणून त्यांना सांगतात कान बंद, डोळे उघडे, हाताबरोबर गा. विंगेत जागोजागी छोटे मॉनिटर लावलेले असतात, त्यात फक्त कंडक्टर दिसतो.

याचं टोक बघायचं तर ला बोएमचा दुसरा अंक. पुच्चिनीचा हा ऑपेरा १८९६ मध्ये तोरिनोला पहिल्यांदा झाला, कंडक्टर होता तोस्कानीनी, वय २८. दुसरा अंक म्हणजे ख्रिसमस ईव्हला पॅरिसचा रस्ता, कॅफेबाहेर मुख्य गायक, मागे फेरीवाले आणि गर्दी असा मोठा कोरस, त्यात लहान मुलांचा वेगळा कोरस, मुसेटाचं ते वॉल्ट्झ, आणि शेवटी स्टेजमागून लष्करी बँड वाजत वाजत येतो. तो बँड सुरुवातीला तुला दिसत नाही. त्याच्यासोबत विंगेत एक असिस्टंट उभा असतो, त्याला मॉनिटरवर तुझा हात दिसतो, आणि तो मुद्दाम तुझ्या थोडा आधी बीट देतो म्हणजे बँडचा आवाज प्रेक्षकांपर्यंत पोचेस्तोवर ऑर्केस्ट्राशी जुळेल. हा असिस्टंट कोण? कोरेपेटिटर. मी पुष्कळ संध्याकाळी त्या अंधारात हेडलाइट लावून उभी राहिले आहे, एका हाताने बीट, दुसऱ्या हाताने वेळेआधी स्टेजवर घुसायला निघालेल्या पोराची कॉलर. ऑपेरा काय असतो ते मला तिथे कळलं, पुढून बघून नाही कळलं.

गायकाबरोबर चालणं याच्यात मात्र तुला आपल्या इकडचा फायदा आहे. तू डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात किंवा कुठेही ख्यालाची चांगली मैफल बघ, आणि गायकाकडे न बघता हार्मोनियमवाल्याकडे बघ. गायक कुठे श्वास घेणार, कुठली जागा लांबवणार हे त्याला आधीच कळलेलं असतं, तो मागे पडत नाही आणि पुढेही जात नाही. पुच्चिनीचा टेनर वरच्या सी वर बसला की कंडक्टरने अगदी हेच करायचं असतं, फरक एवढाच की मागे सत्तर वादक आहेत आणि त्यांना पण घेऊन चालायचंय. आपल्याकडे साथसंगत हा शब्दच किती बरोबर आहे ते तिकडे गेल्यावर पटतं. तालाची समजही आपली पक्की असते, स्ट्राविन्स्कीचे पाच-सात-नऊचे बार आपल्याला डोकेदुखी वाटत नाहीत. कमी पडतो तो हार्मनीचा कान. चार आवाज एकदम वाजले तर त्यातला तिसरा आवाज कुठला ते गाऊन दाखव म्हटलं की आपल्याकडची पोरं गळपटतात, मीही गळपटायची.

म्हणून आत्ता नागपुरात बसून काय करायचं ते सांगते. बाखचे चार आवाजांचे कोराल (चर्चमधली स्तोत्रं) घे, तीन आवाज वाजव आणि चौथा गा, दर वेळी वेगळा चौथा. हे रोज. मग जुन्या क्लेफ्स (कुठल्या रेघेवर कुठला स्वर ते सांगणाऱ्या खुणा) शिक, व्हायोला अल्टो क्लेफमध्ये लिहिलेला असतो आणि हायस्कूलसारखं मोजत बसलीस तर स्कोअर वाचून होणार नाही. मग ट्रान्सपोझिंग वाद्यं: बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक टोन खाली वाजतं, एफ हॉर्न पाच स्वर खाली, आणि हे सगळं एकदम पियानोवर उतरवायचं. हायडनच्या क्वार्टेटपासून सुरू कर, चारच ओळी असतात. तिकडच्या हॉखशुलेच्या, म्हणजे म्युझिक कॉलेजच्या, कंडक्टिंगच्या एंट्रन्सला हेच विचारतात, पियानोवर एक-दोन नीट तयारीचे पीस, स्कोअर वाचून वाजवणं, कानाची परीक्षा, व्होकल स्कोअरमधला (गायकांच्या ओळी आणि ऑर्केस्ट्राऐवजी पियानो) तुकडा गात गात वाजवणं, आणि मग थोडं कंडक्टिंग. बघ, कंडक्टिंग शेवटी. ग्रेड ८ म्हणजे तिथे सुरुवात धरतात, त्यावर किमान डिप्लोमा लेव्हलचा हात पाहिजे. स्कोअर विकत घ्यायची गरज नाही, जुने सगळे आयएमएसएलपी या वेबसाइटवर फुकट आहेत.

चर्चचा क्वायर सोडू नको, उलट तिथल्या लोकांना सांग की साथ दुसऱ्याला देऊ दे, मी एक-दोन कॅरोल घेते. दहा माणसं समोर उभी करून त्यांना एकत्र श्वास घ्यायला लावणं हे पाचव्या सिम्फनीचंच काम आहे. आणि कामठीला जा. तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं सेंटर आहे, लष्करी बँड कुठे जाहीर कार्यक्रमात वाजवत असेल तर जाऊन पुढे उभी राहा, नुसतं ऐकू नको, बँडमास्टरचा हात बघ. आर्मीचे बँडमास्टर कुठे शिकतात माहीत आहे का, पचमढीला. आपण जिथे उन्हाळ्यात धूपगड बघायला जातो तिथेच मिलिटरी म्युझिक विंग आहे, हार्मनी, अरेंजमेंट, कंडक्टिंग सगळं शिकवतात. एखादा रिटायर्ड बँडमास्टर शोधून त्याच्याकडे महिनाभर बसलीस तर क्लॅरिनेट, युफोनियम, हॉर्न कोणत्या स्वरात लिहितात आणि फुंकणाऱ्याचा श्वास कुठे संपतो हे पुस्तकापेक्षा चांगलं कळेल. कोणी करत नाही हे, काऊन करत नाही कोण जाणे.

खरा ऑर्केस्ट्रा ऐकायचा तर मुंबईला जावं लागेल, एनसीपीएचा (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे, वर्षातून दोन सीझन करतो, रात्रीची दुरांतो पकड. स्कोअर आधी वाचून जा. बर्लिनवाल्यांच्या डिजिटल कॉन्सर्ट हॉलमध्ये कंडक्टरचा चेहरा समोरून दिसतो, पण आवाज बंद करून बघायची खोड लावून घेऊ नको, ते परत आरशावरच येतं.

जर्मन आत्ताच सुरू कर, आज. बी-टू पर्यंत, म्हणजे सहज बोलता येईल एवढ्या लेव्हलपर्यंत, गेलीस तर बरं. रिहर्सलमध्ये पन्नाशीचा हॉर्नवाला जे पुटपुटतो ते कळलं पाहिजे आणि त्याला हसत उत्तर देता आलं पाहिजे, नाहीतर तो तुला खाऊन टाकतो. इटालियन निदान उच्चारापुरतं.

इंजिनिअरिंग सोडायचं का यावर माझं मत वेगळं आहे, लोकांना आवडत नाही. सोडू नको. तुला तयारीला दोन वर्षं तशीही लागणार आहेत, तेवढ्यात डिग्री होते, आणि बाबांशी भांडणात जी ताकद जाते ती वाचते. जर्मनीत बहुतेक राज्यांत सरकारी हॉखशुलेला ट्यूशन फी नाही, बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहे, व्हिएन्नाला सुमारे ७२७ युरो. खर्च आहे तो राहण्याचा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (आधी पैसे भरून ठेवायचे, महिन्याला ठरलेलेच काढता येतात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, हा सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा, म्हणजे बारा लाखांच्या आसपास धर. डीएएडी या जर्मन स्कॉलरशिप संस्थेची म्युझिकसाठी स्कॉलरशिप असते पण ती पदवी झालेल्यांना, त्यातही संगीताचं शिक्षण बघतात, त्यामुळे त्यावर प्लॅन बांधू नको.

बाबांना पगाराचं असं सांग. थिएटरात लागलीस तर एनव्ही ब्युनं नावाचा करार असतो, त्यात किमान पगार ठरलेला, पेन्शन, विमा सगळं नीट. पैसे सुरुवातीला इंजिनिअरपेक्षा कमी, उपाशी राहण्याइतके नाहीत. पण कॉन्ट्रॅक्ट सीझनचं असतं. पुढे वाढवायचं नसेल तर थिएटरने आधीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवायचं असतं, म्हणून दरवर्षी ऑक्टोबर आला की कँटीनमध्ये सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. नवीन इंटेंडांट (थिएटरचा प्रमुख) आला की तो आपली माणसं आणतो, जुन्यांना पत्र मिळतं, कामाचा त्याच्याशी संबंध असतोच असं नाही. आणि एकाच थिएटरात १५ वर्षं झाली की काढणं जवळपास अशक्य होतं, म्हणून चौदाव्या वर्षाच्या आधी पुष्कळांना पत्र मिळतं. मला पण मिळालं. फ्रीलान्समध्ये प्रयोगागणिक मानधन, त्यातून एजंटची टक्केवारी, दोन ठिकाणचा टॅक्स, रद्द झाला प्रयोग तर बोंबला. मोठी नावं कोट्यवधी कमावतात, ती हाताच्या बोटावर मोजण्याइतकी.

आईला सांग बायका करतात. सुसाना मेल्की २०११ मध्ये मिलानच्या ला स्कालात ऑपेरा कंडक्ट करणारी पहिली बाई ठरली, बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवात ओक्साना लिनिव २०२१ मध्ये पहिली, म्हणजे हे सगळं अगदी कालपरवाचं आहे आणि दार उघडायला लाजिरवाणा उशीर झालाय हेही खरं. योआना मालविट्‌झ बघ, १९८६ चा जन्म, हायडेलबेर्गला कोरेपेटिटर असताना वयाच्या विशीच्या उंबरठ्यावर ऐनवेळी मादामा बटरफ्लाय घ्यावं लागलं आणि तिने घेतलं, २०१४ मध्ये एरफुर्टची म्युझिक डायरेक्टर, मग न्युर्नबेर्ग, २०२३ पासून बर्लिनच्या कॉन्झर्टहाऊसला. आणि आई पंढरपूरला जात असेल तर तिला मारिया बाडस्टूचं नाव सांग. पंढरपुरात जन्मलेली, तान्ही असताना डॅनिश कुटुंबाने दत्तक घेतलेली, आज डेन्मार्कची कंडक्टर आहे. मला स्वतःला त्रास झाला का, झाला, पण बाई म्हणून जितका झाला त्यापेक्षा नवखी म्हणून जास्त झाला. ऑर्केस्ट्राला पहिल्या दहा मिनिटांत कळतं की समोरच्याला स्कोअर येतो की नाही, आणि येत असेल तर साडी नेसून आलीस तरी त्यांना काही पडलेली नसते.

ऐनवेळी उडी मारण्याच्या गोष्टी या धंद्यात फार सांगतात. तोस्कानीनी १८८६ मध्ये रिओला आयदा या ऑपेराच्या प्रयोगात चेलो वाजवायला गेलेला, वय १९, कंडक्टरचा गोंधळ झाला आणि याने स्कोअर न बघता अख्खा ऑपेरा केला. बर्नस्टाइन १४ नोव्हेंबर १९४३ ला, वय २५, ब्रुनो वॉल्टर आजारी पडले म्हणून रिहर्सल न करता न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसमोर, आणि ते रेडिओवर देशभर. लोक नशीब म्हणतात. पण तोस्कानीनीला आयदा पाठ होता कारण तो आधीपासून गायकांना तयार करण्याचं काम करत होता, आणि बर्नस्टाइन असिस्टंट म्हणून तोच प्रोग्राम वाचून बसलेला होता.

तर आता असं कर, फिगारोचा व्होकल स्कोअर डाउनलोड कर आणि दुसऱ्या अंकाचा फिनाले काढ. काउंट आणि काउंटेस दोघांपासून सुरू होतो आणि वीसेक मिनिटं न थांबता माणसं वाढत वाढत सात जणांवर संपतो. पहिलीच दोन पानं, अर्ध्या वेगात, वाजवता वाजवता आधी फक्त काउंटच्या ओळी गा, मग फक्त काउंटेसच्या, आणि मग जिथे एकाची ओळ संपून दुसऱ्याची सुरू होते तिथे उडी मारत दोघांच्या. इटालियन शब्दांसकट, ला-ला चालणार नाही. पियानोचा आवाज तुझ्या आवाजाला गिळत असेल तर डावा हात कमी कर. जमलं की ऑडिओ पाठव. व्हिडिओ नको, हात मला आत्ता बघायचेच नाहीत.